इंग्लंडच्या टेकड्यांमध्ये ग्रॅव्हल सायकलिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिंग, स्लाव, मिल्टन कीन्स, मँचेस्टर इथे नोकरीनिमित्त राहणारे मराठी सायकलवाले आता बरेच झाले आहेत. उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे येऊन चार दिवस सायकल मारू पाहणारे आईबाबाही असतात. खालची उत्तरं त्या दोघांसाठी. विचार फक्त इंग्लंडचा केला आहे. स्कॉटलंडमध्ये वाटांचा कायदा पूर्ण वेगळा आहे, त्यामुळे इथले नियम तिकडे लावू नका.

इंग्लंडमध्ये डोंगर आहेत तरी का?

आकडे पाहिलेत तर हसू येईल. इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. ज्या साउथ डाउन्सवर दक्षिणेतले सायकलवाले जीव टाकतात, तिथला बटसर हिल तर अवघा २७० मीटर.

तरीही सिंहगड रोज चढणारे इथे येऊन दमतात. आपले घाटरस्ते मालाची वाहतूक डोळ्यांसमोर ठेवून, वळणं घेत काढलेले असतात. चढ लांबलचक, पण बेताचा. एकदा गिअर लावला की तासभर त्याच लयीत जाता येतं. इंग्लंडच्या जुन्या वाटा वळसा घेत नाहीत, टेकडीच्या थेट अंगावर जातात. पंधरा टक्के, कधी वीस टक्के चढ, तोही ओल्या गवतावर किंवा सुट्या दगडांवर. किलोमीटरभरात संपतो, लगेच तेवढाच उतार, खाली नदी, पुन्हा चढ. लय लागतच नाही. संध्याकाळी बेरीज दीड हजार मीटरच्या वर गेलेली असते आणि दिवसभरात आपण तीनशे मीटरच्या वर कधीच नव्हतो!

म्हणून इथे वाट निवडताना शिखराची उंची बघू नका. खाली जमीन कसली आहे आणि त्या वाटेचा कायदेशीर दर्जा काय आहे, हे दोन प्रश्न आधी. टायर, ऋतू, किती तास लागतील, हे सगळं त्यावर ठरतं.

ग्रॅव्हल म्हणजे नक्की कसला रस्ता? खडीचा?

अमेरिकेत शेतांमधून मैलोन्‌मैल सरळ जाणारे खडीचे रस्ते असतात. ग्रॅव्हल सायकलिंग हा प्रकार तिथून आला. इंग्लंडमध्ये तसे रस्ते जवळपास नाहीत. शेतावर जाणारी बोळही डांबरी असते. इथे मिळतात ते तुकडे : चॉकच्या (म्हणजे खडूसारख्या पांढऱ्या, मऊ चुनखडकाच्या) टेकडीवरची गाडीवाट, वनखात्याचा जंगलरस्ता, रूळ उखडलेला रेल्वेमार्ग, कालव्याच्या काठची वाट, पूर्वी गुरं हाकत नेण्याचा रुंद रस्ता. त्यांच्या मधे दोन्ही बाजूंना कुंपणझाडं असलेल्या, मध्यावर गवत उगवलेल्या अरुंद डांबरी गल्ल्या. चांगली राइड म्हणजे हे तुकडे हुशारीने जोडणं. निम्मं अंतर डांबरावर गेलं तर फसवणूक झाली असं समजू नका.

कुठल्या वाटेवर सायकल नेता येते?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

इंग्लंडमध्ये खासगी शेतांतून, कुरणांतून, कधीकधी एखाद्याच्या अंगणालगत जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचं मोठं जाळं आहे. जमीन मालकाचीच असते. त्यावरून जाण्याचा हक्क लोकांचा. हा हक्क वाटेच्या प्रकारानुसार बदलतो. फुटपाथवर फक्त पायी जाता येतं (शहरातल्या रस्त्याकडेचा फुटपाथ नव्हे, शेतातली पायवाट). ब्रायडलवेवर पायी, घोड्यावरून आणि सायकलवरून जाता येतं. रिस्ट्रिक्टेड बायवेवर मोटार सोडून सगळ्यांना मुभा आहे, अगदी घोडागाडीलाही. चौथा प्रकार म्हणजे सर्व वाहनांना खुला असलेला बायवे. तिथे सायकल चालते, पण मोटरसायकली आणि जीपही येतात, आणि हिवाळ्यात त्यांनी पाडलेल्या गुडघाभर चाकोऱ्याही वाट्याला येतात.

ब्रायडलवेवर सायकल नेण्याचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने दिला, आणि त्याच कलमात अट घातली : पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची. तेव्हा ब्रायडलवेवर आपण पाहुणे आहोत, हे सौजन्यापुरतं नाही, कायद्यात लिहिलेलं आहे.

वाटेवरच्या खांबांवर बाण असतात. पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्रायडलवेचा, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवेचा, लाल बायवेचा. निळा, जांभळा, लाल चालेल; पिवळ्यावर वळायचं नाही. इतकं पाठ असलं तरी दिवस निभावतो. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० नकाशावर सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवतात : आखूड तुकडे म्हणजे फुटपाथ, लांब तुकडे म्हणजे ब्रायडलवे. १:५०,००० च्या नकाशावर हेच किरमिजी रंगात असतं.

दोन सापळे. २००० च्या कायद्याने उघड्या माळांवर आणि डोंगरमाथ्यांवर जी मोकळीक मिळाली, ती पायी चालणाऱ्यांसाठी आहे. नकाशात पिवळसर छटा दिसली म्हणून सायकल घालू नका. आणि कालव्याकाठच्या वाटा, वनखात्याचे रस्ते बहुतेक ठिकाणी हक्काने नव्हे तर परवानगीने खुले असतात. लाकूडतोड सुरू असली की जंगलरस्ता बंद. पाटी लावलेली असेल तर वळसा घ्या. ओंडके ओढणारं यंत्र वळणापलीकडून येत असतं.

एकूण सार्वजनिक वाटांपैकी सायकलला खुल्या असलेल्या वाटा साधारण पाचवा हिस्साच आहेत. या प्रमाणाबद्दल सायकल संघटनांची तक्रार जुनी आहे, आणि माझ्या मते रास्त आहे. कित्येक फुटपाथ हे पूर्वीचे बैलगाडीचे रस्ते. १९४९ च्या कायद्यानंतर गावोगाव नोंदी केल्या, तेव्हा ज्याने जसं लिहिलं तसा दर्जा चिकटला. त्यामुळे गावाच्या हद्दीपर्यंत ब्रायडलवे असलेली रुंद वाट हद्द ओलांडताच फुटपाथ होते, आणि जमिनीवर काडीचाही फरक नसतो.

चुकून फुटपाथवर सायकल चालवली तर पोलीस पकडतात का?

शेतातल्या फुटपाथवर सायकल चालवणं हा सहसा फौजदारी गुन्हा नाही. जमीनमालकाच्या दृष्टीने ती आगळीक आहे, आणि तो तुम्हाला जायला सांगू शकतो. काही ठिकाणी स्थानिक उपनियम कडक असतात. कुणी हटकलं तर उतरा, सॉरी म्हणा आणि मागे फिरा. वाद घालून काही मिळत नाही, पुढच्या सायकलवाल्याला मात्र त्रास होतो.

ॲपने आखलेल्या मार्गावर विसंबून चालेल का?

अर्धंच. मार्ग आखणारी ॲप्स पायवाट आणि ब्रायडलवे यांतला फरक नेहमी पाळत नाहीत, आणि चिखलाची त्यांना काही कल्पना नसते. आखलेला मार्ग ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशावर टाकून एकदा नजर फिरवा.

अगदी पहिली राइड कुठे करावी?

पीक डिस्ट्रिक्टमध्ये, जुन्या रेल्वेमार्गांवर. १९५१ साली झालेलं हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याच्या दक्षिण भागात चुनखडी आहे, आणि चुनखडीत पाणी साचत नाही. पावसानंतर दुसऱ्याच दिवशी वाटा वापरण्याजोग्या होतात.

मॉन्सल ट्रेल सुमारे १४ किलोमीटरचा : बक्सटनजवळच्या ब्लॅकवेल मिलपासून बेकवेलपर्यंत. १८६३ मध्ये सुरू झालेला हा मिडलँड रेल्वेचा मार्ग १९६८ मध्ये बंद पडला. मधले बोगदे कित्येक वर्षं बंदच होते. ते २०११ मध्ये उघडले आणि सलग सायकल चालवता येऊ लागली. बोगद्यांत दिवसा दिवे असतात, तरी एक दिवा सोबत ठेवा. हेडस्टोन बोगद्याच्या तोंडाशी वाय नदीवरचा दगडी पूल लागतो. गर्दी तिथे असतेच; शनिवारी दुपारी जाऊन गर्दीला नावं ठेवू नयेत.

मुलं सोबत असतील तर टिसिंग्टन ट्रेल घ्या. ॲशबोर्नपासून पार्सली हेपर्यंत २१ किलोमीटर. चढ आहे, पण जाणवेल न जाणवेल इतकाच, आणि परत येताना सगळा उतार.

पण थोडा अभियांत्रिकी किडा असेल तर हाय पीक ट्रेलच बघा. क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे १८३०-३१ मध्ये सुरू झाली, डोंगराच्या दोन बाजूंचे दोन कालवे जोडायला. आखणाऱ्यांच्या डोक्यात कालवाच होता. कालव्याला जशा सपाट पट्ट्या आणि मधे लॉक (होडीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजे) असतात, तसे इथे सपाट रूळ आणि मधे एकदम तीव्र उतार. त्या उतारांवर वाफेचं इंजिन गाडीला नव्हतं, डोंगरमाथ्यावर बसवलेलं होतं, आणि वाघिणी साखळदोरांनी वर ओढल्या जात. मिडलटन टॉपचं इंजिनघर अजून उभं आहे. सायकलवाल्याला याचा अर्थ असा की क्रॉमफर्ड स्टेशनला उतरून कालव्याकाठाने हाय पीक जंक्शन गाठलं, की पुढे दोन उतार, साधारण आठास एक, पायाने चढावे लागतात. वर पोचलात की मात्र पार्सली हेपर्यंत आणि त्यापुढेही पठार, दोन्ही बाजूंना पांढरे दगडी बांध. याच मिडलटन टॉपला पेनाइन ब्रायडलवे ही उत्तरेकडे जाणारी ३३० किलोमीटरची राष्ट्रीय वाटही सुरू होते. तिचे पुढचे भाग कठीण आहेत. पहिल्या राइडला नको.

साउथ डाउन्स वे एका दिवसात होते का?

होते. बरेच जण करतात, काही जण जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी करतात. तुम्ही पहिल्यांदा दोन दिवसांत करा, जमलं तर तीन.

विंचेस्टर ते ईस्टबोर्न, १६० किलोमीटर, एकूण चढ साडेतीन ते चार हजार मीटर. अख्ख्या लांबीत घोडा आणि सायकल यांना हक्काची वाट आहे. तशी मुभा असलेल्या राष्ट्रीय वाटा मोजक्याच. पायवाट म्हणून आखलेल्या बाकीच्यांवर सायकल मधेच अडते. १९७२ मध्ये ती खुली झाली, तेव्हा पश्चिमेकडचा विंचेस्टरपर्यंतचा भाग तिच्यात नव्हता. तो नंतर जोडला.

इतका चढ येतो कुठून, हे नकाशावर पाहिलं की कळतं. डाउन्स ही चॉकची एक लांब धार आहे, आणि समुद्राकडे जाणाऱ्या नद्यांनी ती ठिकठिकाणी कापली आहे : पश्चिमेकडे मीऑन, मग अरुन, ॲडर, ऊझ आणि शेवटी ककमिअर. बहुतेक नद्यांशी तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला येता आणि दोनशे मीटर परत चढता. धारेवर असताना डावीकडे वील्डचा हिरवा सखल प्रदेश, उजवीकडे इंग्लिश खाडीचा समुद्र. आणि वारा. तो बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून असतो, म्हणून राइड पश्चिमेकडून पूर्वेकडेच करावी.

चॉक कोरडा असेल तर ही वाट डांबराइतकी पळते. ओला झाला की शेवाळलेल्या पायरीसारखा निसरडा, विशेषतः उतारावर, जिथे पाण्याने मधोमध घळ पाडलेली असते. पावसानंतर अनुभवी लोकही उतरून चालतात. त्यात कमीपणा नाही. फाटकांची तयारी ठेवा. फार आहेत. सायकलवरून न उतरता कडी काढायला जमेपर्यंत पहिला दिवस संपतो.

पाण्याचे सार्वजनिक नळ वाटेवर काही ठिकाणी आहेत, उदाहरणार्थ ॲडर नदीकाठी बोटोल्फ्सला आणि सॅडलस्कोम्बला. सगळे बाराही महिने चालू असतीलच असं नाही. धारेवर दुकानं नाहीत, गावं सगळी पायथ्याशी. खायला खाली उतरलात तर तेवढं परत चढायचं, हे लक्षात घेऊनच भूक लागू द्या. ॲम्बर्ली आणि साउथीझ ही रेल्वे स्टेशनं वाटेला लागूनच आहेत. थकल्यावर सोडून द्यायला किंवा वाट टप्प्याटप्प्याने करायला त्यांचा उपयोग होतो. साउथीझला वसतिगृहही आहे.

शेवटाकडे एक फाटा महत्त्वाचा. ॲल्फ्रिस्टनपुढे दोन वाटा होतात. सेव्हन सिस्टर्सच्या पांढऱ्या कड्यांवरून जाणारी, फोटोत दिसणारी, ती फुटपाथ आहे. सायकलची वाट आतल्या बाजूने जेव्हिंग्टन गावातून जाते. कडे बघायचेच असतील तर ईस्टबोर्नला पोचल्यावर चालत जा.

रेडिंगला राहतो. घरातून निघून करता येईल असं काही?

मग किंग आल्फ्रेड्स वे तुमच्या दारातूनच जाते. सायकलिंग यूके या संघटनेने २०२० मध्ये आखलेला हा साधारण ३५० किलोमीटरचा फेरा. सुरुवात आणि शेवट विंचेस्टरला मानतात, पण फेराच असल्याने कुठूनही चढावं. सॉल्सबरी, स्टोनहेंज, एव्हबरी, मग रिजवे, थेम्स ओलांडून रेडिंग, फार्नम, आणि शेवटी साउथ डाउन्सचा पश्चिम तुकडा. चार दिवस ठेवा. सॉल्सबरीच्या पठारावर लष्कराचा सरावाचा प्रदेश आहे. लाल निशाण वर असेल तर आत जायचं नाही, मग नकाशा काहीही म्हणो.

यातला रिजवेचा भाग मला सगळ्यात आवडतो. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत सायकलला पूर्ण मुभा आहे, त्यापुढे पूर्वेला फुटपाथ सुरू होतात. वाट टेकडीच्या माथ्यामाथ्याने जाते, कारण खालची चिकणमाती पावसाळी दिवसांत प्रागैतिहासिक माणसालाही नको होती. वाटेत उफिंग्टनचा पांढरा घोडा लागतो : टेकडी खरवडून चॉक भरून काढलेला, सुमारे तीन हजार वर्षांचा. जवळून तो घोडा वाटत नाही, नुसत्या पांढऱ्या रेषा दिसतात.

एकाच दिवसाचं हवं असेल तर रेडिंगहून स्ट्रीटलीला ट्रेनने जा (स्टेशनचं नाव गोरिंग अँड स्ट्रीटली), रिजवे धरून पश्चिमेला जमेल तितकं जा, आणि स्विंडनकडे उतरून ट्रेनने परत या.

उत्तरेकडे काय आहे?

यॉर्कशायर डेल्समधली मॅस्टाइल्स लेन. मॅलमजवळचं माळरान आणि किल्न्सी यांच्यामधली ही वाट मध्ययुगात फाउंटन्स ॲबीचे मठवासी मेंढ्यांसाठी वापरत; त्यांचे कळप या डोंगरांत चरत आणि मठाचं उत्पन्न लोकरीवर होतं. रोमन सैन्याच्या तळाच्या खुणाही तिच्या कडेला आहेत. आता मोटारींना बंदी आहे. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधे गवत आणि खडक, वर आभाळ. वारा समोरून असेल तर आठ किलोमीटरही पुरतात.

स्कॉटलंडच्या सीमेजवळ किल्डर. खऱ्या अर्थाने लांब पल्ल्याचे खडीचे रस्ते इंग्लंडमध्ये कुठे असतील तर इथे. १९२६ पासून लावलेलं हे इंग्लंडमधलं सर्वांत मोठं मानवनिर्मित जंगल; लाकडाचे ट्रक जावेत म्हणून केलेले रस्ते रुंद आणि कठीण आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेली डर्टी रीव्हर ही २०० किलोमीटरची राइड याच रस्त्यांवरची. तासन्‌तास दुकान नाही, माणूस नाही, फोनला रेंज नाही. उन्हाळ्यात मिज नावाची चिलटं मात्र आहेत. थांबलात की चावायला लागतात.

लेक डिस्ट्रिक्ट सुंदर आहे, पण तिथल्या खिंडी मोठमोठ्या सुट्या दगडांच्या. ग्रॅव्हल सायकल खांद्यावर घेऊन फिरण्याची हौस नसेल तर ग्रिझडेलच्या जंगलरस्त्यांवर समाधान माना.

आणि श्रॉपशायर. तिथे गर्दी पोचलेली नाही. चर्च स्ट्रेटन स्टेशनवर उतरलं की लाँग मिंडची ५१६ मीटरची टेकडी डोक्यावरच असते. वर हीथर हे जांभळ्या फुलांचं रानझुडूप फुलतं ऑगस्टमध्ये. चढ मात्र क्रूर आहे.

कोणत्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये उजेड सोळा तासांच्या वर असतो. डिसेंबरात आठ तासही नीट मिळत नाहीत, चारला अंधार. पाऊस आपल्यासारखा चार महिने एकदम येऊन जात नाही, वर्षभर थोडा थोडा पडत राहतो. पाच-सहा अंश तापमानात भिजलात आणि थांबलात तर अंग गार पडायला वेळ लागत नाही. मे महिन्यातही वाऱ्या-पावसाचं जाकीट खिशात हवंच.

हिवाळ्यात जायचंच असेल तर जमीन बघून जा : चुनखडी, जंगलरस्ते, जुने रेल्वेमार्ग. चिकणमातीचा प्रदेश, म्हणजे वील्ड, मिडलँड्सचा बराचसा भाग, ऑक्टोबर ते मार्च विसरा. तिथला चिखल चाक आणि फ्रेमच्या मधे भरतो आणि सायकल अक्षरशः जागच्या जागी थांबते. काडीने खरवडत बसावं लागतं.

सायकल आणि टायर कसे असावेत?

टायर ४० ते ४५ मिलीमीटर, ट्यूबलेस. साधारण ७५ किलोच्या माणसाने ३५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवून बघावी, मग खालीवर करावं. कोरड्या चॉकवर कमी नक्षीचा टायर पळतो, पण वर्षभर एकच ठेवायचा तर कडेला दाते असलेला घ्या.

पैसे गिअरवर घाला. पुढच्या लहान चाकाचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चाकापेक्षा कमी असलेच पाहिजेत, म्हणजे पुढे ३० तर मागे ३४ किंवा ३६. दुकानातला मुलगा एवढ्या हलक्या गिअरची गरज नाही म्हणेल. तो पंचविशीतला असतो.

पंक्चर किती होतात?

दोन शत्रू. चॉकमध्ये फ्लिंट, म्हणजे गारगोटीचा प्रकार. फुटला की पात्यासारखी धार येते आणि टायरची बाजू कापतो. पावसाने धुऊन वर आलेला फ्लिंट जास्त वाईट. दुसरा शत्रू कुंपणाचे काटे. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट, कुंपणझाडं छाटायची नसतात. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की शेतकरी यंत्रं घेऊन निघतात आणि गल्ल्यांत हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्नच्या फांद्यांचा सडा पडतो. ट्यूबलेसमधला द्रव काट्याची भोकं बुजवतो. फ्लिंटच्या चिरेसाठी प्लग, टायर आतून बांधायला एक जाड तुकडा आणि एक साधी ट्यूब जवळ ठेवा.

गाई, घोडे, मेंढ्या यांचं काय?

घोडा समोरून आला तर थांबा. मागून गाठलात तर लांबूनच माणसाच्या आवाजात बोला, "हॅलो" किंवा "मॉर्निंग". घंटी वाजवू नका, काही घोडे बुजतात. स्वाराने खूण केली की हळू, लांबून पुढे जा.

गाई आपल्याकडच्या रस्त्यावर बसलेल्या गाईंसारख्या माणसाळलेल्या नसतात. सोबत वासरं असतील तर त्यांच्या आणि वासरांच्या मधून कधीही जाऊ नका. उतरा, सायकल स्वतःच्या आणि गुरांच्या मधे ठेवा, लांबून वळसा घ्या. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं : बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

हाल होत नाहीत. कॅफेत जॅकेट पोटॅटो, बीन्स ऑन टोस्ट, चीज-कांद्याची पेस्टी, स्कोन मिळतंच. अडचण वेळेची आहे. खेड्यातल्या अनेक पबांचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं, आणि सोमवारी कित्येक ठिकाणं बंदच. म्हणून पिशवीत दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चिक्की असू द्या. चिक्की इथल्या कुठल्याही एनर्जी बारच्या तोंडात मारेल अशी आहे, आणि थंडीत दगड होत नाही.

कुठेही तंबू ठोकता येतो का?

नाही. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय तंबू लावायचा हक्क नाही. अपवाद नैर्ऋत्येकडच्या डार्टमूरच्या कॉमन्सचा, म्हणजे सामाईक माळरानांचा. तिथला हक्क मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. पण तिथेही सायकल उघड्या माळावर नेता येत नाही, ब्रायडलवे आणि बायवेवरच. बाकी ठिकाणी कॅम्पसाइट शोधा किंवा शेतकऱ्याला सरळ विचारा.

ट्रेनमध्ये सायकल घेतात का?

घेतात, आणि बहुतेक गाड्यांत त्याचे पैसे पडत नाहीत. लंडनच्या आसपासच्या लोकल मार्गांवर कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पूर्ण आकाराची सायकल चालत नाही. लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागा आधी राखून ठेवावी लागते. वॉटर्लूहून विंचेस्टर सुमारे तासाभराचं, आणि ईस्टबोर्नहून व्हिक्टोरिया दीड तासाचं. रविवारी निघण्यापूर्वी रुळांची कामं चालू नाहीत ना, हे बघा. गाडीऐवजी बस लावली असेल तर बसमध्ये सायकल घेतीलच याची खात्री नसते.

कंपनीच्या योजनेतून सायकल घ्यावी का?

सायकल टू वर्क योजना १९९९ पासून आहे : पगारातून, कर कापण्याआधी हप्ते जातात, त्यामुळे बऱ्यापैकी बचत होते. कंपनी योजनेत असायला हवी आणि सायकल मुख्यतः कामावर जाण्यायेण्यासाठी वापरायची असते. एक सावधगिरी : तुमचा व्हिसा ठरावीक पगाराच्या अटीवर असेल आणि तुम्ही त्या सीमेजवळ असाल, तर पगार कागदावर कमी होण्याचा परिणाम काय, हे आधी एचआरला लेखी विचारा.

ई-बाइक चालते का?

चालते. मोटर २५० वॅटपर्यंत, ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होणारी आणि पॅडल मारल्यावरच चालणारी असेल, तर ती कायद्याने सायकलच. वय किमान १४ हवं.

एकट्याने गेलो आणि काही झालं तर?

९९९ किंवा ११२. डोंगरात असाल तर आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. ही पथकं स्वयंसेवकांची असतात आणि पैसे घेत नाहीत. नकाशावरचा ग्रिड संदर्भ वाचायला शिकून ठेवा, ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपमध्ये तो दिसतो. ९९९ ला एसएमएसही करता येतो, मात्र त्याची नोंदणी आधीच केलेली असावी लागते. क्षीण रेंजमध्ये कॉल लागत नाही तेव्हा मेसेज जातो. ही नोंदणी आज घरबसल्या करून टाका.

भारतातून सायकल आणावी की इथे भाड्याने घ्यावी?

दोन-चार राइडसाठी आलात तर भाड्यानेच. पार्सली हे आणि ॲशबोर्न इथे ट्रेलच्या तोंडाशीच सायकली मिळतात, लहान मुलांच्याही. त्या साध्या सायकली असतात, पण त्या वाटांना पुरतात. साउथ डाउन्स किंवा किल्डरसाठी खास ग्रॅव्हल सायकल हवी, ती मोठ्या गावातल्या दुकानात आगाऊ सांगून ठेवा, उंची कळवा आणि स्वतःचे पॅडल-बूट सोबत आणा. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, आणि ब्रेकही तसेच : पुढचा उजव्या हाताला. दुकानातून निघण्यापूर्वी तेवढं एकदा दाबून बघा, कारण युरोपातून आलेल्या एखाद्या सायकलला ते उलटे असतात.